मोडीत घातलेली वज्री

इतिहास म्हटला की आपल्याला शनिवारवाडा, तलवारी आणि तह आठवतात. न्हाणीघरातल्या वज्रीलाही इतिहास असतो, हे मला फार उशिरा कळले.

आमच्याकडे सासूबाईंची पितळी वज्री होती. मुठीवर दोन पोपट आणि पोटात खडे. टाच घासू लागले की खुळखुळ वाजायची. एका दिवाळीच्या आवराआवरीत मी ती मोडीत घातली आणि स्टीलचा डबा आणला. सासूबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून एवढेच विचारले, "वज्री कुठे ठेवलीस गं?"

पुढे बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले, तर तिथे काचेमागे वज्र्या मांडलेल्या! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

हा संग्रह कुणा संस्थानिकाचा नव्हे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्यांच्या व्यवसायातले गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावाने कविताही करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. पत्नी कमलाबाईंनी साथ दिली. (असा नाद घरात सांभाळणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको!) लोक ज्याला अडगळ म्हणत, तेच त्यांनी जपले: अडकित्ते, दिवे, कुयऱ्या, फण्या, स्वयंपाकाची भांडी, बाहुल्या. १९६२ साली संग्रहालय झाले आणि १९७५ साली केळकरांनी ते सारे महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केले. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या त्यांतल्या थोड्याच.

संग्रहालयाच्या नावातला 'राजा' म्हणजे त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. मुलाने बापाचे नाव चालवावे ही आपल्याकडची रीत. इथे बापाने मुलाचे चालवले. तिथल्या खेळण्यांपुढे हे आठवले की पाय निघत नाही.

कोथरूडहून आणून उभारलेल्या मस्तानी महालापाशी गर्दी असते. मी मात्र अडकित्त्यांपाशीच रेंगाळते. सुपारी कातरायची ती काय, पण त्यालाही कुणी घोड्याचा घाट दिला, कुणी माणसाचा. घडवणाऱ्याचे नाव कुठेच नाही, वापरणारीचेही नाही.

नंतर एकदा सासूबाईंना घेऊन गेले. वज्र्यांपुढे त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या वज्रीचे पोपट समोरासमोर होते. आईने दिली होती मला, लग्नात."

हे मला ठाऊकच नव्हते. घरी आल्यावर त्यांची फणीपेटी माळ्यावरून खाली काढली, पुसली, आणि कुणी दिली, केव्हा दिली, ते त्यांच्याकडून विचारून एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवले.