द्वारपालांचीं नांवें

मुंबईच्या आरे कॉलनीच्या उत्तरेस, वनाच्छादित डोंगरांत कान्हेरीचीं लेणीं आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील. त्याच्या अंगणाच्या दाराशीं दोन्ही बाजूंस द्वारपाल कोरलेले आहेत. आंत जाणाऱ्याची पहिली गांठ पडते ती त्यांच्याशीं.

असे राखणदार बौद्ध धर्माबरोबर चीन व जपान येथवर गेले. त्यांचीं नांवें परभाषेंत न्यावयाचीं कशीं, हा प्रश्न भाषांतरकारांपुढें होता. कधीं त्यांनीं ध्वनि राखला, कधीं अर्थ. 'यक्ष' हा शब्द चिनी भाषेंत 'येछा' व जपानींत 'याशा' झाला. 'वज्र' शब्दाचा मात्र अर्थ घेऊन चिनींत 'जिनगांग', म्हणजे अतिकठीण धातु, हा शब्द योजिला. जपानांत तोच 'कोंगो' झाला, आणि वज्रधारी द्वारपाल 'कोंगो रिकिशी' ठरले. लोकांच्या तोंडीं ते 'निओ', म्हणजे दयाळू राजे. वैश्रवणास, म्हणजे कुबेरास, दोन्ही प्रकारचीं नांवें लाभलीं: ध्वनीवरून 'बिशामोन' आणि श्रवणाच्या अर्थावरून 'तामोन', म्हणजे बहुश्रुत.

ध्वनि राखला तर अर्थ हरवतो. अर्थ राखला तर मूळ नांव मावळतें. 'निओ' या शब्दांत वज्र ऐकूं येत नाहीं. तथापि नारा येथील तोदाइजी मंदिराच्या दक्षिण महाद्वारांत १२०३ सालीं घडविलेले दोन निओ उभे आहेत. एकाचें मुख उघडें, दुसऱ्याचें मिटलेलें. पहिला 'अ' उच्चारतो, दुसरा 'हूं'. नांव बदललें, पण संस्कृत अक्षर त्या राखणदारांच्या ओठांवर राहिलें.