सांगोल्याच्या तेरा लढती

१९९५च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्यातून गणपतराव देशमुख १९२ मतांनी पडले. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. सात वेळा निवडून आलेले, एकदा मंत्री राहिलेले, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) राज्यातले ज्येष्ठ आमदार. त्यांना पाडणारे काँग्रेसचे शहाजीबापू पाटील वयाने बरेच लहान. या वयात आणि इतक्या थोड्या मतांनी हरलेला माणूस बहुधा घरी बसतो, किंवा मुलाला पुढे करतो. गणपतराव चार वर्षांनी पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि त्यानंतर सलग आणखी तीन निवडणुका जिंकले.

त्यांच्या अकरा विजयांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा आमदार होणे हा महाराष्ट्रातला विक्रम आहेच. पण सांगोल्यात त्यांनी लढती दिल्या तेरा. त्यातल्या दोन हरलेल्या लढतींकडे पाहिले, की उरलेल्या अकरांचा अर्थ अधिक नीट लागतो.

मुळात ते सांगोल्याचे नव्हतेच. गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर. शिक्षण पुण्यात झाले, वकिलीची सनद मिळवली आणि सांगोल्यात वकिली सुरू केली. विद्यार्थिदशेतच ते शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे ओढले गेले होते. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, क्रांतिसिंह नाना पाटील अशा मंडळींनी उभा केलेला हा पक्ष तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात काँग्रेससमोरचा खरा विरोधक होता. सोलापूर जिल्ह्यात त्याची मुळे पक्की होती. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाकडे कुळाचा दावा, बांधाचे भांडण, सावकाराचा कागद असे सगळे घेऊन लोक येतात. गावोगावची माणसे नावानिशी ओळखण्याची गणपतरावांची ख्याती होती. तिचा पाया या दिवसांतला.

१९६२ची निवडणूक ही महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली. संयुक्त महाराष्ट्र समितीची एकजूट विस्कटली होती, आणि राज्य मिळवून दिल्याचे श्रेय घेत यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने २६४पैकी २१५ जागा जिंकल्या. त्या लाटेत शेकापचे १५ आमदार टिकले. त्यांत पस्तिशीतले गणपतराव होते. १९६७मध्ये पक्षाने १९ जागा घेतल्या आणि सांगोला कायम राहिले.

मग १९७२ आले. बांगलादेश युद्धाचा विजय नुकताच झालेला, इंदिरा गांधींची लाट भरात. काँग्रेसला २२२ जागा मिळाल्या, शेकाप सातवर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. हा पराभव त्या काळच्या राज्यभरच्या वाऱ्याचा होता, एवढे म्हणून पुढे जाता येईल. पण त्याच वर्षी पाऊस साफ गेला आणि माणदेशाने पिढीजात आठवणीत राहील असा दुष्काळ पाहिला. घरची जनावरे बाजाराला लागली. खडी फोडायच्या कामावर जमीनदाराच्या घरच्या बायका आणि भूमिहीन बायका एकाच रांगेत बसल्या. काम द्या, मजुरी वेळेवर द्या, या मागण्यांसाठी डाव्या पक्षांचे मोर्चे राज्यभर निघत होते. १९७४मध्ये सांगोल्यात पोटनिवडणूक लागली तेव्हा या झळा ताज्या होत्या. गणपतराव जिंकले, आणि १९७८, १९८०, १९८५, १९९० अशा पुढच्या चारही निवडणुकांत त्यांना कोणी हलवू शकले नाही.

सांगोल्यात मते कशावर पडतात हे समजायचे तर पावसाचा हिशेब मांडावा लागतो. माण नदीच्या खोऱ्यातला हा तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही भरवशाची नाही. त्यामुळे इथल्या आमदाराकडे मागणी असते ती टँकरची, चारा छावणीची, रोजगार हमीच्या कामाची आणि कालव्याच्या पाण्याची. ज्याच्याकडे साखर कारखाना, त्याच्याकडे तालुका, असा पश्चिम महाराष्ट्राचा सर्वसाधारण हिशेब. उसाला पाणी नसलेल्या सांगोल्यात तो लागू पडणे अवघड होते. गणपतरावांनी उभी केली ती सूतगिरणी, तीही जिथे कापूस फारसा पिकत नाही अशा तालुक्यात. शेतकरी सहकारी सूतगिरणी आणि नंतर महिलांची वेगळी सूतगिरणी, दोन्ही चालल्या. राज्यात सहकारी सूतगिरण्या एकामागून एक कर्जात बुडत असताना सांगोल्याची गिरणी नफ्यातली म्हणून दाखवली जायची. या गिरणीचा कारभार हा त्यांच्या निवडणुकीच्या राजकारणातला सर्वांत बोलका पुरावा मानावा लागेल. संस्था हाताशी असली की ती प्रचाराची तिजोरी होते, हा महाराष्ट्राचा अनुभव. इथे गिरणी गिरणीच राहिली, आणि मतदारांनी ते पाहिले.

रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला. १९९०नंतर त्याच योजनेला जोडून कोरडवाहू जमिनीत फळबागा लावण्याचा कार्यक्रम आला. सांगोल्याच्या माळरानावर बोर आणि डाळिंब दिसू लागले ते तेव्हापासून. पुढे डाळिंबाने तालुक्यात पैसा आणला. तेल्या आणि मर रोगाने त्यातला बराच परतही नेला. १९९९मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतरावांकडे रोजगार हमी खाते आले, तेव्हा ज्या योजनेवर आपल्या तालुक्याने दिवस काढले तिचेच ते मंत्री झाले. याआधी १९७८मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात त्यांनी मंत्रिपद सांभाळले होते. दोन्ही कारकिर्दी अल्पायुषी ठरल्या. पुलोद सरकार १९८०मध्ये बरखास्त झाले आणि विलासरावांच्या सरकारचा पाठिंबा शेकापने २००२मध्ये काढून घेतला. अर्धशतकाहून अधिक काळ सभागृहात राहिलेला हा माणूस बहुतेक वर्षे विरोधी बाकांवरच बसला.

पाण्याची लढाई मात्र मंत्रालयाबाहेर लढली गेली. १९९३पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणले. कृष्णेचे पाणी लवादाने ठरवलेल्या मुदतीत अडवा आणि ते उचलून आम्हाला द्या, ही मागणी. कराडजवळच्या टेंभूपासून टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवून आटपाडी-सांगोल्यापर्यंत आणायचे, ही कल्पना तेव्हा अनेकांना अशक्य वाटत होती. सांगोल्याच्या शिवारात ते पाणी यायला पुढे कित्येक वर्षे गेली.

आणि याच चळवळीच्या ऐन भरात, १९९५मध्ये, गणपतराव हरले.

त्यांच्या यशाचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. तालुक्यात धनगर समाज मोठा, गणपतराव त्या समाजातले, म्हणून ते निवडून येत. समाजाचा पाठिंबा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९७२ आणि १९९५मध्येही समाज तोच होता आणि उमेदवारही तोच. एका समाजाच्या मतांवर महाराष्ट्रात कुठलाच मतदारसंघ पन्नास वर्षे राखता येत नाही. बाकीच्या मतांसाठी गावागावांत माणसे लागतात, आणि ती पाच वर्षे जपावी लागतात. १९२ मते म्हणजे जेमतेम एका वाडीचे मतदान. इतक्या फरकाने हरल्यावर कुठल्या गावात आपण कमी पडलो हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ होते. पद गेल्यावरही पाणी परिषदांच्या व्यासपीठावर गणपतराव दिसत राहिले, आणि १९९९मध्ये जागा परत आली.

एसटीत पुढच्या बाजूला एका आसनावर विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव असे रंगवलेले असते. त्या आसनावर खरोखर आमदार बसलेला बहुतेक प्रवाशांनी आयुष्यात पाहिलेला नसतो. सांगोला आगाराच्या गाड्यांतल्या प्रवाशांनी तो पाहिला. पांढरा सदरा, हातात कागदांची पिशवी, शेजारी बसणाऱ्याला गाव विचारून तिथल्या तलावाची चौकशी करणारे गणपतराव, लोकांचे आबासाहेब. मुंबईत मुक्काम आमदार निवासात. त्यांच्या साधेपणाचे कौतुक राज्यभर झाले, पण त्याचा राजकीय उपयोग फारसा कोणी बोलून दाखवला नाही. बसमधला प्रवास हा त्यांचा बारमाही प्रचार होता. त्याला आचारसंहिता लागत नव्हती, आणि खर्च तिकिटाएवढाही नव्हता.

दरम्यान पक्ष मात्र आटत चालला होता. १९७८मध्ये १३ आमदार, १९९०मध्ये ८, १९९९मध्ये ५, २००४मध्ये अवघे २. रायगडचा काही भाग आणि सांगोला एवढेच शेकापचे भूगोलात शिल्लक राहिले. ज्या बालेकिल्ल्यांत नेते काँग्रेसमध्ये गेले, तिथे लाल बावटा उतरला. गणपतरावांना काँग्रेसची दारे कधी बंद नव्हती. त्यांनी ती उघडली नाहीत, आणि सांगोल्यातला पक्ष टिकण्याचे पहिले कारण हेच आहे. २०१४मध्ये मोदी लाट असताना, नव्वदीकडे झुकलेल्या वयात, त्यांनी शिवसेनेकडून उभ्या असलेल्या शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरवले. ती त्यांची तेरावी आणि शेवटची लढत.

२०१९मध्ये त्यांनी थांबायचे ठरवले. कार्यकर्ते ऐकेनात. पक्षाने आधी जाहीर केलेला उमेदवार कार्यकर्त्यांच्या आग्रहापुढे बदलावा लागला आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. आयुष्यभर घराणेशाहीपासून दूर राहिलेल्या नेत्याच्या पक्षाला अखेर घरातलेच नाव लागले, हे शेकापच्या संघटनेसाठी चांगले लक्षण नव्हते. दुसऱ्या फळीतला माणूस पन्नास वर्षांत उभा राहिला नाही, याची जबाबदारी खुद्द गणपतरावांवरही येते. शहाजीबापूंनी ती निवडणूक ७६८ मतांनी जिंकली. पुढे २०२२च्या सत्तांतरात गुवाहाटीहून केलेल्या त्यांच्या एका फोन संभाषणाने सांगोल्याचे नाव घरोघरी पोचले. त्याआधीच, ३० जुलै २०२१ रोजी, सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले होते.

२०२४मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. शेकाप महाविकास आघाडीत असूनही आघाडीतल्याच शिवसेनेच्या ठाकरे गटाने दीपक साळुंखे यांना सांगोल्यात उमेदवारी दिली, त्यामुळे लढत तिरंगी झाली. बाबासाहेबांनी शहाजीबापूंना पंचवीस हजारांच्या फरकाने हरवले. राज्यभरात शेकापचा निवडून आलेला तो एकमेव आमदार.