आकाशातून मोजलेले अरण्य

शेत मोजायला साखळी पुरते. अरण्य मोजायला ती पुरत नाही. मोजणीदार जंगलात शिरला की त्याला चार झाडांपलीकडचे दिसत नाही. १८५६ साली ब्रँडिस नावाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातील पेगू प्रांतात सागवानाच्या मोजदादीसाठी गेला. त्याने हत्तीवर बसून जंगलातून सरळ रेघा धरल्या. डाव्या हातात बांबूच्या कांड्या, उजव्या हातात चाकू. साग दिसला की त्याच्या घेराप्रमाणे ज्या त्या कांडीवर एक खाच! ओल्या जंगलात कागदापेक्षा हे साधन बरे, हे कोणालाही पटेल. हाच गृहस्थ १८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्याधिकारी झाला.

पण ते खाते मोठे झाले तसे झाडांपेक्षा हद्दी मोजू लागले. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या कायद्याने राखीव, संरक्षित अशी वने ठरली, त्यांचे नकाशे झाले, दप्तरे झाली. स्वातंत्र्यानंतर देशाच्या भूमीपैकी शेकडा २३ च्या आसपास, म्हणजे सुमारे साडेसात कोटी हेक्टर वन आहे असे आपण सांगत आलो, ते या दप्तरांच्या आधारावर. त्या हद्दीत झाड उभे आहे की नाही, हा प्रश्न दप्तराला पडत नाही. तोडलेले जंगल कागदावर हिरवेच राहते.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो दर अठरा दिवसांनी त्याच जागेवर येई. त्याच्या चित्रातील एकेक ठिपका सुमारे ८० मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ दीड एकराचा. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फार जोराने परतवते. म्हणून त्या चित्रांत जंगल लाल उमटते, आणि उघडा माळ फिकट राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने १९७२-७५ व १९८०-८२ या दोन काळांतील चित्रे शेजारी ठेवली. पहिल्यात वन ५ कोटी ५५ लाख हेक्टर, शेकडा १६.९. दुसऱ्यात ४ कोटी ६३ लाख, शेकडा १४.१. सात-आठ वर्षांत ९२ लाख हेक्टर गेले होते!

एवढी तफावत खाते मुकाट्याने मान्य करील हे संभवत नव्हते. डेहराडूनला १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था निघाली होती. तिने १९८१-८३ च्या चित्रांवरून आपला हिशेब केला व तो शेकडा साडेएकोणीस निघाला. मग दोन्ही संस्थांनी एकत्र बसून मेळ घातला आणि १९८७ च्या पहिल्या अहवालात साडेएकोणीसच्या आसपासचाच आकडा आला. यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. चित्र वाचणे हेही वाचणेच आहे. पानगळीचे जंगल चैत्रात उघडे दिसते आणि कार्तिकात भरलेले. म्हणून आजही ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रे घेतात. शिवाय त्या अहवालात ४०० हेक्टरांहून लहान तुकडा धरलाच नव्हता. आमच्या मते खरी गोष्ट वेगळीच घडली. दप्तरातील शेकडा २३ पहिल्यांदाच दप्तराबाहेरच्या पुराव्याने खोडला गेला, आणि खात्याला उत्तर द्यायचे तर तेही चित्रे पाहूनच द्यावे लागले.

पुढे १९८८ साली आपला स्वतःचा आयआरएस-१ए उपग्रह गेला, ठिपका बारीक होत गेला, आणि २००१ च्या मोजणीपासून एक हेक्टरापर्यंतचे तुकडे दिसू लागले. २०२३ चा अहवाल वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, शेकडा २१.७६ सांगतो. आकडा वाढला म्हणून आनंद करण्यापूर्वी व्याख्या वाचावी. एक हेक्टर वा अधिक जागेवर झाडांच्या माथ्यांनी दहा टक्क्यांहून जास्त जमीन झाकली, की ते वनाच्छादन. मग मालक कोणीही असो, झाड कोणतेही असो. रत्नागिरीची हापूसची बाग त्यात बसते, नारळाची वाडीही बसते. बागाईतदाराला विचारा, तो आपल्या कलमांना जंगल म्हणेल काय?

उलट आमच्या गावोगावच्या देवराया पाहा. कित्येक तर काही गुंठ्यांच्याच. तिथली जुनी वेल, वठलेले खोड, खालचा झरा यांचा वरून पत्ता लागत नाही. दाट बाग आणि दाट राई चित्रात सारखीच लाल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरीच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तो पायी हिंडून, गावकऱ्यांना विचारीत आणि झाडांची नावे टिपून घेत. उपग्रह तोवर आकाशात फिरू लागला होता.