ब्लू डार्ट एव्हिएशन

ब्लू डार्ट एव्हिएशन ही केवळ मालवाहतूक करणारी भारतीय विमानकंपनी असून ती मुंबईच्या ब्लू डार्ट एक्सप्रेस या कुरिअर कंपनीची उपकंपनी आहे. तिचे मुख्यालय चेन्नई येथे आहे. या कंपनीची नियमित उड्डाणे प्रामुख्याने रात्री होतात.

पार्श्वभूमी

रात्रीच्या हवाई टपालाची कल्पना भारतात जुनी आहे. १९४९ साली सुरू झालेल्या सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतत. ही व्यवस्था पुढे बंद पडली. त्यानंतर तातडीच्या मालाला मुख्यतः प्रवासी विमानांच्या पोटातील जागेवर विसंबावे लागे. तेथे प्रवाशांच्या सामानाला अग्रक्रम असे. शिवाय वेळापत्रक प्रवाशांच्या सोयीचे असल्याने, दिवसभर गोळा केलेली पाकिटे संध्याकाळनंतर रवाना करणे अवघड होई.

इतिहास

ब्लू डार्टची स्थापना १९८३ साली मुंबईत तुषार जानी, खुशरू दुबाश व क्लाइड कूपर यांनी केली. १९५३ च्या कायद्याने नियमित हवाई वाहतुकीवर सरकारी महामंडळांची मक्तेदारी होती. तो कायदा १९९४ साली रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांचा मार्ग निर्वेध झाला. ब्लू डार्टची मालवाहू सेवा १९९६ साली बोईंग ७३७-२०० विमानांनी सुरू झाली.

२००४ साली जर्मन टपालसमूहातील डीएचएलने पालक कंपनीतील बहुसंख्य समभाग घेण्याचा करार केला. भारतीय विमानकंपन्यांतील परकीय भांडवलावर मर्यादा असल्यामुळे विमानकंपनीची मालकी काही काळ वेगळ्या रीतीने विभागलेली होती. कागदोपत्री ती सहयोगी कंपनी होती. पुढे पालक कंपनीने आपला हिस्सा वाढवून तिला उपकंपनी केले.

विमाने आणि कामकाज

२००६ पासून ताफ्यात बोईंग ७५७-२०० मालवाहू विमाने आली. यांच्या मुख्य मजल्यावर माल रचण्याच्या पंधरा जागा असतात. या प्रकारच्या विमानांचे उत्पादन २००४ सालीच थांबले असल्याने देखभाल व सुटे भाग हा कंपनीपुढील कायमचा प्रश्न आहे. अलीकडे सहा ७५७ विमानांच्या जोडीला दोन ७३७-८०० विमाने घेण्यात आली.

दिल्ली, मुंबई, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता व अहमदाबाद ही प्रमुख स्थानके होत. संध्याकाळी शहरोशहरी जमा झालेला माल छाननी करून विमानात चढविला जातो व पहाटे उतरवून गाड्यांनी वितरणकेंद्रांत पोहोचविला जातो. दिवसा विमाने बहुतांशी जमिनीवर असतात. एवढे महाग यंत्र दिवसभर उभे ठेवणे परवडते, कारण विमानातील बरीचशी जागा पालक कंपनीच्याच मालाने भरते. उरलेली जागा इतरांना विकली जाते. ज्या मालवाहू कंपन्यांना असा घरचा माल नव्हता, त्यांचा टिकाव लागणे कठीण गेले. नागपूर हे केंद्र ठेवून २००९ साली सुरू झालेली डेक्कन ३६० ही सेवा दोन वर्षांतच थांबली.

कोविडकाळ

मार्च २०२० मध्ये प्रवासी उड्डाणे बंद झाली, तेव्हा त्यांच्या पोटातून जाणारा मालही अडला. मालवाहू विमानांना मात्र परवानगी होती. या काळात ब्लू डार्टच्या विमानांनी देशांतर्गत माल नेलाच, शिवाय चीनमधील ग्वांगचौ व शांघाय येथून वैद्यकीय साहित्यही भारतात आणले.