लोकवाटा मोजायचा कसा? सिॲटलच्या मॅचिंग फंडाची गोष्ट

संशोधन प्रस्ताव लिहिताना आपण सगळेच एक वाक्य सहज लिहून जातो: ‘या योजनेत लोकसहभाग मोठ्या प्रमाणावर होता.’ मीही लिहिलं होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले, ‘कोणते लोक?’ त्या दोन शब्दांनी माझं पुढचं वर्ष खाल्लं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या सिॲटल शहराचं. १९६८ साली तिथल्या मतदारांनी ‘फॉरवर्ड थ्रस्ट’ नावाच्या कर्जरोख्यांच्या योजनेतून उद्यानांसाठी मोठा निधी मंजूर केला. त्यातून मोठमोठी कामं उभी राहिली. पण गल्लीच्या टोकाची पडीक जागा, मोडका झोपाळा, पुलाखालचा कचरा अशी छोटी कामं कुठल्याच मोठ्या आराखड्यात बसत नाहीत. त्यातच १९८० च्या दशकात शहराच्या मध्यभागी टोलेजंग इमारती उभ्या राहत होत्या आणि ‘महापालिकेचं सगळं लक्ष तिकडेच’ अशी वस्त्यांमध्ये नाराजी होती. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये शहराने वस्त्यांसाठी वेगळं कार्यालय काढलं. जिम डायर्स त्याचे पहिले संचालक. हे गृहस्थ मूळचे लोकांना संघटित करणारे कार्यकर्ते. त्याच वेळी ‘नेबरहुड मॅचिंग फंड’ सुरू झाला.

कल्पना साधी होती. काम रहिवाशांनी सुचवायचं, आखायचं आणि करायचं. त्यांनी जेवढा वाटा उचलला, त्याच्या तोडीचा निधी शहर देणार. खरी गंमत ‘वाटा’ या शब्दात आहे. तो रोख रकमेतच असावा असं बंधन नव्हतं. श्रमदानाचे तास ठरावीक दराने मोजले जात. कुणी माती-विटा दिल्या, एखाद्या वास्तुविशारदाने नकाशा फुकट काढून दिला, तरी त्याचीही किंमत धरली जाई. म्हणजे खिशात पैसे नसलेल्या वस्तीलाही दार उघडं. निदान कागदावर तरी.

यातून काय काय झालं? फ्रीमाँट भागात ऑरोरा पुलाखाली १९९० मध्ये सुमारे १८ फुटी राक्षसाचं शिल्प उभं राहिलं. त्याच्या मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन बीटल मोटार आहे! पूर्वी लोक टाळत असलेली ती जागा आज पर्यटकांची आवडती आहे. दुसरं उदाहरण ब्रॅडनर गार्डन्सचं. ही जमीन घरबांधणीसाठी विकायचा शहराचाच विचार होता. रहिवाशांनी विरोध केला, सह्यांची मोहीम चालवली. अखेर १९९७ मध्ये नगर परिषदेने उद्यानांच्या जमिनींना संरक्षण देणारा नियम स्वीकारला. पुढे त्याच जागी शेजाऱ्यांनी बाग फुलवली आणि तिच्या उभारणीला मॅचिंग फंडाचीही मदत झाली. बघा, एकाच महापालिकेचा एक हात जागा विकायला निघालेला आणि दुसरा ती घडवायला पैसे देतोय. ‘शासन’ हा एकसंध ठोकळा समजून लिहू नका, हा माझा पहिला धडा.

१९८९ मध्ये दीड लाख डॉलरवर सुरू झालेला हा निधी २००१ पर्यंत ४५ लाख डॉलरवर गेला. दरम्यान १९९१ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि हार्वर्डच्या केनेडी स्कूलचा नवोपक्रमाचा पुरस्कारही त्याला मिळाला. माझं पहिलं टिपण इथेच संपलं होतं. यशोगाथा, टाळ्या!

पण मग ते दोन शब्द. कोणते लोक?

फंडाच्या रचनेत १३ जिल्हा परिषदा होत्या. (आपल्या जिल्हा परिषदेशी नावापुरतंच साम्य. ही वस्ती-संघटनांची मंडळं.) अर्ज तपासून त्यांचा क्रम लावण्यात या मंडळांचा वाटा असे. म्हणजे पैसा कुणाला, यात शेजाऱ्यांचंच मत चाले. हे लोकशाहीवादीच वाटतं. पण जुलै २०१६ मध्ये महापौर एड मरे यांनी या मंडळांशी असलेलं शहराचं अधिकृत नातं तोडलं. कारण सांगितलं गेलं की तिथे वयस्कर, गोऱ्या, स्वतःचं घर असलेल्या लोकांचा भरणा आहे. आणि शहरातले निम्म्याच्या आसपास लोक तर भाड्याने राहणारे. मंडळांच्या समर्थकांचं म्हणणं वेगळं होतं: महापालिकेला प्रश्न विचारणारे लोक बाजूला काढले जाताहेत. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकतं. इतिहासात असं बऱ्याचदा होतं.

आता श्रमदानाच्या तासाकडे परत या. दर सगळ्यांना सारखा, पण तास सारखा नाही. दोन नोकऱ्या करणाऱ्या भाडेकरू बाईचा रविवारचा एक तास आणि निवृत्त घरमालकाचा एक तास हिशोबाच्या वहीत एकाच किमतीचे. शिवाय अर्ज भरायला, बैठकांना जायला वेळ लागतो, तो वेगळाच. म्हणून अशी योजना आधीच संघटित असलेल्या वस्तीला जास्त फळते का, हा प्रश्न टाळता येत नाही.

पहिल्या वर्षी मी फक्त मंजूर कामांचे ठिपके नकाशावर लावले होते. नकाशा छान दिसायचा. पण जिथे ठिपकाच नाही, तिथून अर्ज नाकारला गेला, की आलाच नाही? या दोन रिकाम्या जागांचा अर्थ अगदी वेगळा आहे, आणि मंजुरीची यादी तो कधीच सांगत नाही.

हे फक्त अमेरिकेचं नाही. आपल्याकडे २००२ च्या स्वजलधारा योजनेत पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा १० टक्के लोकवाटा अपेक्षित होता. दप्तरात ‘लोकवाटा जमा’ दिसला की थांबू नका. कुणी भरला? घरटी सारखा होता का? ज्यांना जमला नाही, त्यांच्या नळाचं काय झालं?

सिॲटलमधल्या बागा खऱ्या आहेत, तिथे राबलेले हातही खरे. त्या कामाचं मोल कमी करायचं नाहीये. पण तुमच्या प्रस्तावात ‘लोकसहभाग’ हा शब्द आला, तर समासात पेन्सिलीने ते दोन शब्द स्वतःच लिहून ठेवा. गाइडच्या आधी.