युद्धकाळांतील वऱ्हाड

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास म्हटला कीं स्टालिनग्राड, एल् अलामेन, इंफाळ हीं नांवें ओठांवर येतात. अमरावती-अकोल्याचें नांव त्यांत कोठेंच नाहीं. येथें शत्रूचें विमान आलें नाहीं कीं बाँब पडला नाहीं. तरीहि १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत युद्ध वऱ्हाडांतील घराघरांत शिरलें. त्याच्या वाटा मात्र निराळ्या होत्या.

पहिली वाट कापसाची. परदेशांतील युद्धाचा अनुभव या मुलखाला नवा नव्हता. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली तेव्हां इकडील कापसाला सोन्याचें मोल आलें होतें. लिव्हरपूलच्या पेढ्यांवर वऱ्हाडी कापूस अमरावतीच्या नांवावरून ‘उमरा’ म्हणूनच ओळखला जाई. यावेळीं फांसे उलटे पडले. आखूड धाग्याच्या कापसाचें मोठें गिऱ्हाईक जपान. जुलै १९४१ मध्यें त्याच्याशीं व्यवहार थांबला आणि डिसेंबरांत तो उघड शत्रू झाला. कापसाला गिऱ्हाईक मिळेना, आणि कापड मात्र इतकें महागलें कीं जून १९४३ मध्यें सरकारला त्यावर नियंत्रण बसवावें लागलें. ज्याच्या शेतांत कापूस त्यालाच धोतर-लुगड्याची चिंता, असा तो विपरीत काळ होता.

दुसरी वाट नाण्याची. १९४० मध्यें रुपयांतील चांदी निम्म्यावर आली व एक रुपयाची कागदी नोट हातीं पडली. १९४३ पासून तांबें वांचविण्यासाठीं पैशाच्या मध्यभागींच भोक पडलें. हा ‘भोकाचा पैसा’ पोरांच्या करगोट्यांत ओवला गेला आणि घरोघरच्या आठवणींतहि.

तिसरी वाट घड्याळाची. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशांतील घड्याळें एक तास पुढें होतीं. अमरावती-अकोल्यास सूर्य माथ्यावर येई तेव्हां घड्याळांत सरासरीनें सव्वा वाजून गेलेला असे! कचेरी घड्याळावर चाले. शेतकरी व गाईगुरें सूर्यावर.

या ओढाताणींत सायंकाळीं तरुणांचे पाय आखाड्याकडे वळत. हुतुतूला चेंडू लागत नाहीं, आट्यापाट्यांना साहित्य लागत नाहीं. मातींत रेघ ओढली कीं मैदान तयार. टंचाईच्या काळीं हे खेळ गरिबालाहि परवडत. अमरावतीस तर या विद्येची थोर परंपरा. वैद्य बंधूंनीं १९१४ मध्यें स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिनला जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं होतीं. ज्या नगरींत त्यांचें कौतुक झालें, तेथूनच तीन वर्षांनीं युद्धाची आज्ञा निघावी हा दैवदुर्विलास!

आखाड्यांनाहि युद्धाची झळ लागलीच. ऑगस्ट १९४० मध्यें सरकारनें स्वयंसेवक संघटनांच्या लष्करी धर्तीच्या कवायतींवर व गणवेशांवर बंदी घातली. परकी सत्तेला आपल्या युद्धासाठीं सैनिक हवे होते. पण तोच तरुण आपल्या गांवीं रांगेंत उभा राहिला तर तिला भय वाटे. हें भय निराधार नव्हतें. ऑगस्ट १९४२ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील यावली व बेनोडा हीं गांवें पेटून उठलीं. दोन्ही ठिकाणीं रक्त सांडलें, आणि त्या गांवांच्या नांवांना ‘शहीद’ हें पद कायमचें जोडलें गेलें.

सेनापतींचीं चरित्रें लिहिलीं गेलीं. या सहा वर्षांतील चुलीचें, चावडीचें व आखाड्याचें चरित्र अद्याप बव्हंशीं स्मृतींतच आहे. तो काळ ज्यांनीं बालपणीं पाहिला ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्याजवळ बसून चार गोष्टी टिपून ठेवाव्या. माजघरांतील जुन्या पेटींत एखादा भोकाचा पैसा सांपडला, तर त्याची हकीकतहि विचारावी. तो पैसा पुढेंहि राहील. त्याची गोष्ट सांगणारें माणूस मात्र राहणार नाहीं.