दिनविशेष : ११ सप्टेंबर २०१५ – बहुमत एकाचे, महापौर दुसऱ्याचा

बंगळूरु महापालिकेच्या १९८ जागांपैकी १०० जागा जिंकूनही भाजपला या दिवशी महापौरपद गमवावे लागले. काँग्रेसचे ७६ आणि जनता दलाचे (धर्मनिरपेक्ष) १४ नगरसेवक होते, तर ८ अपक्ष. तरीही काँग्रेसचे मंजुनाथ रेड्डी महापौर झाले आणि उपमहापौरपद जनता दलाकडे गेले.

हे जमले ते कायद्यामुळे. महाराष्ट्रात महापौर फक्त नगरसेवक निवडतात. कर्नाटकात मात्र शहरातले आमदार, खासदार आणि विधान परिषद सदस्यही मतदान करतात. काही परिषद सदस्यांनी ऐनवेळी बंगळूरुचे मतदार म्हणून नोंद करून घेतल्याचा आरोप भाजपने केला. निकाल आणि महापौर निवडणूक यांच्या मधल्या काळात अपक्षांना केरळच्या रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवले होते, हेही ओघाने आलेच!

शहर एकाच 'बॉस'च्या हाती जाण्याचीही उदाहरणे आहेत. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये विल्यम ट्वीड या नेत्याने 'टॅमनी हॉल' या राजकीय संघटनेच्या जोरावर शहराची तिजोरी मुठीत ठेवली, ती नोकऱ्या आणि कंत्राटे वाटून. त्याचा शेवट १८७८ मध्ये तुरुंगात झाला. बंगळूरुत असा एकच 'बॉस' उभा राहिला नाही. महापौराची मुदत तेव्हा जेमतेम वर्षाची होती. खरी सूत्रे आमदार आणि राज्य सरकारच्या हाती होती.

२०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली. त्यानंतर निवडणूक न होता प्रशासक आले आणि २०२५ मध्ये महापालिकेचे पाच तुकडे करण्यात आले.